खिडकीतून वॉर्डात: नोकरी सांभाळून ॲडव्हान्स्ड क्लिनिकल फार्मसी शिकतानाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आज पहिल्या मॉड्यूलची फी भरली. आता मागे फिरता येणार नाही, म्हणून आजपासूनच लिहायला घेते. माझ्यासारखं कोणी नोकरी करता करता हे करायला निघालं असेल, तर त्याचे पैसे आणि रात्री थोड्या तरी वाचाव्यात.

मी धंतोलीतल्या एका ७० खाटांच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नऊ वर्षं आहे. बी.फार्म. नागपुरातच झालं. काम खिडकीतलं. वॉर्डातून इंडेंट (औषधांची मागणी) येतो, औषधं काढायची, बॅच आणि एक्स्पायरी बघायची, बिल करायचं, कडक नोंदीच्या औषधांचं एच-१ रजिस्टर भरायचं, डिस्चार्जच्या वेळी परत आलेल्या स्ट्रिपा मोजून घ्यायच्या. गोळी गिळणारा माणूस मला सहसा दिसत नाही. दिसतो तो त्याचा मुलगा नाहीतर जावई, हातात चिठ्ठी घेऊन घाईत उभा.

जूनमध्ये एका रात्री सिस्टरचा फोन आला. "मॅडम, फेनिटॉइनची लेव्हल ९ आली. डॉक्टर डोस वाढवू का म्हणून राहिले. पण पेशंट गुंगीतच आहे, अन् अल्ब्युमिन २ आहे. त्याचा काही हिशेब असतो नं?" असतो. फेनिटॉइन हे फिटचं औषध, रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं; अल्ब्युमिन कमी असलं की मोकळं, काम करणारं औषध जास्त असतं. पण तो हिशेब मला तेव्हा येत नव्हता. "बघून सांगते," म्हटलं, आणि सापडेपर्यंत पहाट झाली. मोजलेली लेव्हल भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१). म्हणजे ९ भागिले ०.५, उत्तर १८. उपचाराची मर्यादा १० ते २०. कागदावर कमी दिसणारी लेव्हल खरं तर वरच्या टोकाला टेकली होती. डोस वाढवला गेला नाही, कारण डॉक्टरांनीच सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. माझ्यामुळे नव्हे. ते मनात राहिलं.

अभ्यासक्रम ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा आहे. पूर्ण ऑनलाइन, ६० क्रेडिटचा, तीन मॉड्यूलचा. एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते: या सर्टिफिकेटने राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीत काही बदल होत नाही. पगारवाढीचंही मला कोणी आश्वासन दिलेलं नाही. तो हेतू असेल तर इतके पैसे घालू नका.

पहिली चूक आजच झाली. १,२०,००० रुपये क्रेडिट कार्डाने भरले. परकीय चलनाचा ३.५ टक्के मार्क-अप, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ४,९५६ रुपये फुकट गेले. बँकेत जाऊन रक्कम पाठवली असती तर हजार-बाराशेत काम झालं असतं.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

पहिला वर्ग. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. मुलाला झोपवलं, आईंनी (सासूबाईंनी) टीव्हीचा आवाज बंद केला, मी जेवणाच्या टेबलावर बसले.

गटातले बहुतेक जण वॉर्डातच काम करणारे. पहिलं काम ऐकून माझे हातपाय गार पडले: "येत्या चार आठवड्यांत पाच पेशंटच्या खाटेशी बसून औषधांचा पूर्ण इतिहास घ्या, फाइलशी ताडून पाहा." माझ्याकडे वॉर्ड कुठे आहे? माझ्याकडे दीड बाय दोन फुटांची काच आहे.

प्रवेशाच्या माहितीत 'क्लिनिकल सेटिंगमध्ये काम आवश्यक' असं लिहिलं होतं. हॉस्पिटलची फार्मसी म्हणजे तेच, असं मी धरून चालले. ते तसं नव्हतं.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

परवानगीत अकरा दिवस गेले. आधी व्यवस्थापनाकडे गेले. उत्तर मिळालं, "खिडकी कोण सांभाळेल?" मग एका डॉक्टरांना विचारलं. ते चिडले नाहीत, पण फाइल फार्मसीच्या माणसाने उघडायची ही कल्पनाच त्यांना पटली नाही. त्यांच्याशी वाद घातला नाही. आपल्याकडे फार्म.डी. (वॉर्डातल्या कामासाठीची फार्मसीची पदवी) २००८ मध्ये सुरू झालं आणि फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये आली. पेशंटला औषधांबद्दल समजावणं हे फार्मासिस्टचं काम आहे, हे त्यांत लिहिलेलं आहे. पण कागदावर असलेलं वॉर्डात यायला वेळ लागतो.

शेवटी मेडिसिनच्या मॅडमनी हो म्हटलं. अटी तीन: माझी पाळी नऊला सुरू होते, त्याआधी सव्वाआठ ते नऊ यायचं; फाइलमध्ये काही लिहायचं नाही; काही सापडलं तर चिठ्ठीवर लिहून मॅडमच्या हातात द्यायचं, पेशंटसमोर बोलायचं नाही. तिन्ही अटी मला योग्य वाटल्या.

तुम्ही हे करणार असाल तर फी भरण्याआधी असा एक डॉक्टर शोधा आणि त्यांची सही घेऊन ठेवा. मी उलट्या क्रमाने गेले, चार आठवड्यांतले दोन त्यातच संपले.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिला इतिहास घेतला. उमरेडकडच्या एक आजी, चक्कर येऊन पडल्या म्हणून भरती. मी छापील प्रश्नांची यादी घेऊन गेले. "तुम्ही कुठली औषधं घेता?" आजी म्हणाल्या, "बीपीची एक, बस." फाइलमध्येही तेच. मी टिक करून उठले.

मग सून म्हणाली, "आईची पिशवी दाखवू का?" कापड दुकानाची ती पिवळी पिशवी चादरीवर उलटी केली. टेल्मिसार्टन ४० दोन वेगवेगळ्या नावांनी, एक गावच्या डॉक्टरांचं, एक नागपूरचं. दुसऱ्यात सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइडही होतं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, अर्धी स्ट्रिप संपलेली. एक चूर्ण. डोळ्यांचे थेंब, ज्यांची मुदत मार्चमध्येच संपलेली. आजींच्या दृष्टीने खरंच 'बीपीची एक' होती: एक सकाळी, एक रात्री.

टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं औषध आणि डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र मूत्रपिंडाला जड जातात. मॅडमना चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, आजींचं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा मागवलं, डायक्लोफेनॅक आणि एक टेल्मिसार्टन बंद केलं. मला फक्त म्हणाल्या, "उद्यापासून पिशवी मागत जा."

यादीतला पहिला प्रश्न मी खोडला. आता सुरुवात अशी: "घरून आणलेली पिशवी दाखवता का?" पिशवी नसेल तर घरी फोन लावून कोणाला तरी स्ट्रिपांचे फोटो पाठवायला सांगते. पाच इतिहास पूर्ण व्हायला दोन आठवडे लागतील.

२९ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

धनतेरस. फार्मसीत धन्वंतरीची पूजा करून आठला निघाले, साडेदहाला लॅपटॉपसमोर बसले, स्क्रीनवर कोणी नाही. पंचवीस मिनिटं राउटर बंद-चालू करत बसले. मग कळलं की रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. आता मार्चअखेरपर्यंत वर्ग आपल्या साडेअकराला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं होणार, हेही इथेच लिहून ठेवते.

पण आजची खरी नोंद दुसरी. किडनीच्या हिशेबात मी दोन चुका केल्या. पहिली लगेच सापडली, दुसरी तपासून परत आली.

केस कागदावरची. ६८ वर्षांची बाई, ५२ किलो, क्रिएटिनिन १४१ मायक्रोमोल. हृदयाचे ठोके अनियमित, डाबिगाट्रान (रक्त पातळ करणारं औषध) द्यायचं का? तिकडे क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतं, आपल्या लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ८८.४ ने भागायचं म्हणजे १.६ येतं. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते (क्लिअरन्स), ते काढायचं आपलं नेहमीचं सूत्र मी घेतलं, १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि त्यात १४१ तसेच टाकले. उत्तर आलं ०.३७. ही चूक लपत नाही, एवढ्या क्लिअरन्सवर माणूस डायलिसिसवरच असेल.

मग १.६ टाकून पुन्हा केलं. १४० वजा ६८ म्हणजे ७२, वरचे-खालचे ७२ कटले, ५२ भागिले १.६, उत्तर ३२.५. सुंदर आकडा. तिकडच्या नियमाने डाबिगाट्रान ३० च्या खाली चालत नाही, हे ३० च्या वर आहे, म्हणून मी 'देता येईल' लिहून पाठवलं. बाईंसाठी ०.८५ ने गुणायचं मी विसरले होते. गुणल्यावर २७.६ येतं. उत्तर 'देऊ नये'.

०.३७ ने मला सावध केलं होतं आणि त्याच सावधपणात मी निश्चिंत झाले. आता वहीच्या पहिल्या पानावर चार ओळींचा क्रम लिहिलाय आणि तो बोटाने ओळ-ओळ धरून मोठ्याने वाचते: एकक कोणतं, वजन कोणत्या दिवशीचं, बाई की पुरुष, क्रिएटिनिन स्थिर आहे की रोज बदलतंय. शेवटचा प्रश्न ट्यूटरनी जोडला. क्रिएटिनिन चढत असताना हे सूत्र खोटं उत्तर देतं.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

निबंध परत आला. दुसऱ्यांच्या छापील मजकुराशी साम्य ३८ टक्के. मी चोरी केली नव्हती, पण आपल्याकडे परीक्षेत पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की मार्क मिळतात, ती सवय हातात बसलेली. नवीन पद्धत: संदर्भ वाचायचा, मिटवायचा, आधी मराठीत स्वतःशी बोलून बघायचं, मग इंग्रजीत लिहायचं. वेळ दुप्पट लागतो. दुसऱ्या खेपेला साम्य ११ टक्के.

८ डिसेंबर २०२४, रविवार

पहिल्या मॉड्यूलचा पोर्टफोलिओ (पाच केसची फाइल) नापास. हे लिहायला चार दिवस लागले.

वैद्यकीय चूक नव्हती. तिसऱ्या केसला मी औषधांच्या तक्त्याचा फोटो जोडला होता. नाव काळ्या पट्टीने झाकलं, डॉक्टरांचं नाव झाकलं, खाट क्रमांक झाकला. खालच्या कोपऱ्यात आयपीडी नंबरचा (भरती पेशंटच्या नोंदणी क्रमांकाचा) स्टिकर अर्धा दुमडलेला होता, त्यातले सगळे आकडे वाचता येत होते. नियम सरळ आहे: पेशंट ओळखता येईल असं काहीही दिसलं तर पूर्ण पोर्टफोलिओ नापास, फेरसादरीकरणात जास्तीत जास्त ५० गुण. बाकी चार केसना ६५ च्या आसपास गुण पडले असते, असं ट्यूटरनी कळवलं.

राग आला, मग ओसरला. त्या पेशंटने माझ्या मराठी संमतीपत्रावर अंगठा दिला होता. त्यात मीच लिहिलं होतं, "तुमची ओळख कोठेही दिसणार नाही." शब्द माझा होता आणि तो मोडला गेला.

दुरुस्तीला सतरा तास लागले. आता फोटो काढतच नाही. तक्ता हाताने कोऱ्या कागदावर उतरवते. जन्मतारखेऐवजी वय, तारखांऐवजी 'दिवस १, दिवस २', गावाऐवजी 'ग्रामीण भाग'. पाठवण्याआधी एक दिवस फाइल ठेवून देते आणि दुसऱ्या दिवशी फक्त ओळख शोधायला म्हणून वाचते. यजमानांनाही वाचायला देते, त्यांना औषधातलं काही कळत नाही म्हणून त्यांची नजर बरोबर तिथे जाते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दुसरं मॉड्यूल. फी १,१८,०००, यावेळी बँकेतून, शुल्क १,१८० रुपये.

आता पुस्तकातला पेशंट आणि आपला पेशंट यांच्यातलं अंतर रोज जाणवतं. रक्त पातळ करण्याच्या सगळ्या केस वॉरफॅरिनच्या. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त फाइलींत असेनोकुमरॉल. आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याची) मर्यादा तीच, २ ते ३, पण असेनोकुमरॉल शरीरातून बरंच लवकर निघून जातं, त्यामुळे एक डोस चुकला की आयएनआर लवकर घसरतो. वॉरफॅरिनचं डोस बदलण्याचं वेळापत्रक मी जसंच्या तसं लावून उत्तर लिहिलं होतं. मॅडमनी लाल पेनने नुसतं अर्धायुष्य (औषध शरीरात निम्मं व्हायला लागणारा वेळ) अधोरेखित केलं. पुन्हा लिहिलं.

दुसरी अडचण आपल्या कॉम्बिनेशन गोळ्यांची. मधुमेहाची तीन औषधं, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज, एकाच गोळीत. केसमध्ये उत्तर लिहायचं असतं 'ईजीएफआर (किडनीच्या कामाचा आकडा) ४५ च्या खाली आला, मेटफॉर्मिनचा डोस कमी करा.' कमी कसा करणार? गोळी अर्धी केली तर ग्लिमेपिराइडही अर्धं होतं, आणि सस्टेन्ड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) असेल तर ती तोडायचीच नाही. म्हणजे एका गोळीच्या तीन वेगळ्या गोळ्या कराव्या लागतात. पेशंटला वाटतं आजार वाढला म्हणून गोळ्या वाढल्या. हे बोलणं कोणत्याही पुस्तकात नाही, खिडकीतच शिकावं लागतं. मी असं सांगते: "काका, औषध तेच आहे, फक्त वेगळं केलं, म्हणजे किडनीला जड जाणारं तेवढंच कमी करता येईल."

संत्र्यांचा हंगाम आहे म्हणून हेही. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी विचारतं, "कोलेस्टेरॉलच्या गोळीवर संत्रं चालत नाही म्हणे?" मोबाइलवर फिरणारा तो इशारा ग्रेपफ्रूटचा आहे. त्यातल्या फ्युरानोकुमरिन या घटकांमुळे आतड्यातलं एक एन्झाइम बंद पडतं आणि ॲटोर्वास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन रक्तात वाढतात. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, त्याला ती भीती नाही. पपनसाबाबत मात्र मी जपून राहायला सांगते.

अभ्यासाचा वेळ: प्रजापतीनगरहून सीताबर्डी, तिथे मेट्रो बदलून काँग्रेसनगर. जाता-येता रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ऐकते. आधी मेट्रोत वाचायचा प्रयत्न केला, दोन आठवड्यांत डोकं धरायला लागलं, सोडून दिला.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

मंगळवारी, ११ तारखेला जे घडलं ते सविस्तर लिहिते.

संध्याकाळी सहा. खिडकीवर रांग. काटोलकडचे एक काका, साठीचे, गळ्यात गमछा. "तोंड आलं आहे, लावाचं जेल द्या." असं जेल मी दिवसातून चारदा देते. हात ड्रॉवरकडे गेलाही. पण बोलताना त्यांना ओठ नीट मिटता येत नव्हते, म्हणून विचारलं, "किती दिवस झाले?" "चार-पाच." "दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून रबर लावलेल्या स्ट्रिपा काढल्या. मेथोट्रेक्सेट २.५, संधिवाताची गोळी. दोन स्ट्रिपा पूर्ण रिकाम्या, तिसरीत तीन गोळ्या उरलेल्या. दहाच्या तीन स्ट्रिपा म्हणजे तीस, तीसातून सत्तावीस गेल्या. मी विचारलं, कधी आणल्या? "सोमवारच्या आधल्या रविवारी." नऊ दिवस. सत्तावीस भागिले नऊ.

"काका, ही रोज घेता?"

"चिठ्ठीवर तीन गोया लिवल्या हायेत नं बाई. मंग सकाळी एक, दुपारी एक, रातच्याले एक."

चिठ्ठीवर तीन गोळ्या होत्याच, आठवड्यातून एकदा एकत्र घ्यायच्या, साडेसात मिलिग्रॅम. 'आठवड्यातून एकदा' हे इंग्रजीत, तिरक्या अक्षरात, ओळीच्या शेवटी. औषधाच्या पाकिटावर कोणीच काही लिहिलेलं नव्हतं. आठवड्याचं औषध ते रोज घेत होते. तोंडातले फोड ही त्याची पहिली खूण असते, हे मी नोव्हेंबरमध्ये रात्री बाराला वाचलं होतं.

खिडकी सहकाऱ्याकडे देऊन काकांना हाताला धरून मॅडमच्या ओपीडीत नेलं. रांगेतले लोक ओरडले, त्यांना काही सांगायला वेळ नव्हता. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी): पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ६२,०००, दोन्ही बऱ्याच कमी. भरती. मेथोट्रेक्सेट बंद, त्यावरचा उतारा ल्युकोव्होरिन सुरू करायचं ठरलं. ते आमच्याकडे नव्हतं. गांजीपेठेतल्या दवा बाजारात फोन लावला, दुसऱ्या दुकानात मिळालं, आमचा मुलगा साडेसातला स्कूटरवर घेऊन आला. पुढचे दिवस ताप येतो का याची धास्ती होती. आला नाही. आज पाचव्या दिवशी पेशी वर येऊ लागल्यात, काकांनी वरण-भात खाल्ला.

भारतीय औषधकोश आयोग, गाझियाबाद यांच्याकडे जाणारा संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरला. पेशंटची फक्त आद्याक्षरं लागतात, डिसेंबरनंतर त्या रकान्याचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. ज्यांनी कधी भरला नाही त्यांच्यासाठी: टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. माझा पहिला फॉर्म भरायला पन्नास मिनिटं लागली, आता वीस पुरतील.

त्या रात्री घरी येऊन मी गेल्या तीन महिन्यांच्या बिलांत मेथोट्रेक्सेट शोधलं. आमच्याच खिडकीतून बावीस वेळा गेलं होतं. त्यातले किती मी दिले? नऊ. पाकिटावर वार लिहिला होता का? एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी बावीसही जणांना फोन लावले. एकोणीस लागले, सगळे बरोबर घेत होते. उरलेल्या तिघांपैकी दोघांचं गुरुवारी कळलं. एकाचा नंबर बंद आहे.

आता आमच्याकडे मेथोट्रेक्सेटला नियम: चार आठवड्यांच्या वर द्यायचं नाही, पाकिटावर वाराचं नाव मराठीत जाड अक्षरात, फॉलिक ॲसिडचं पाकीट वेगळं आणि त्यावर वेगळा वार, आणि पेशंटने तो वार आपल्या तोंडाने आपल्याला सांगायचा. तो सांगेपर्यंत बिल करायचं नाही.

मॅडमनी कालपासून मला फाइलमध्ये वेगळं पान दिलं आहे. वर लिहिलंय 'फार्मसी'.

३१ मार्च २०२५, सोमवार

काल गुढीपाडवा. गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, दुपारी निबंध पूर्ण केला. मुदत आज, तिकडचे दुपारचे बारा. ऑक्टोबरपासून माझ्या डोक्यात ते आपले साडेपाच. काल पहाटे तिकडची घड्याळं पुढे गेली, मुदत साडेचार झाली. मी ४ वाजून ५२ मिनिटांनी अपलोड केलं. पाच गुण कापले.

हे मी याच वहीत धनतेरसला लिहून ठेवलं होतं. वहीत लिहिलेलं आठवण करून देत नाही. मोबाइलच्या घड्याळात ते शहर टाकलं आणि पुढच्या सगळ्या मुदती तिकडच्या वेळेने कॅलेंडरमध्ये घातल्या.

२७ एप्रिल २०२५, रविवार

सरावाच्या तोंडी परीक्षेत नापास. कॅमेऱ्यासमोर पेशंटचं काम करणारी बाई, नवीन इन्सुलिन. मी चार मिनिटांत सगळं अचूक सांगितलं: जागा, कोन, मात्रा, साठवण, साखर उतरली तर काय. एकही चूक नाही. तिला किती कळलं, हे मी विचारलंच नाही. तिला सुईची भीती होती, तेही तिनेच शेवटी सांगितलं. परीक्षकांनी लिहिलं की ही माहिती होती, संवाद नव्हता.

खिडकीची सवय अशी की मागे रांग असते, म्हणून आपण बोलतो आणि मोकळे होतो. तीन आठवडे रोज सुरुवातीचं एकच वाक्य पाळलं: "डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं, ते आधी मला सांगा." पहिल्या आठवड्यात प्रत्येक पेशंटमागे दोन मिनिटं जास्त गेली आणि सहकारी कुरकुरला. तिसऱ्या आठवड्यात तो फरक उरला नाही, कारण त्यांना माहीत असलेलं पुन्हा सांगावं लागत नव्हतं.

त्यातूनच कळलं की भिवापूरचे एक बाबा इन्सुलिनची बाटली एसटीतून बर्फाच्या तुकड्यांत खुपसून नेतात. थंड राहावं म्हणून, या उन्हात. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, आणि त्यांची साखर महिनाभर का उतरत नव्हती याचं हे एक कारण असू शकत होतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाला न टेकवता. उघडलेली साधारण २८ दिवस, घरात फ्रिज नसेल तर पिशवीत घट्ट बांधून ओल्या माठात, सावलीला. बाबा म्हणाले, "माठ त हाये घरी. हे कोनी सांगतलंच नाही."

८ जून २०२५, रविवार

मुख्य तोंडी परीक्षा पास, ६३. संख्याशास्त्राचा भाग ५४, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, रट्टा मारला.

१३ जुलै २०२५, रविवार

अंतिम निकाल आला, पास. मेथोट्रेक्सेटची केस ७१, सगळ्यात जास्त.

हिशेब. फी १,२०,०००, १,१८,००० आणि १,२४,५००. कार्डाचे वाया गेलेले ४,९५६. बँक शुल्क दोनदा १,१८०. हेडफोन २,२००. वीज गेल्यावर राउटर चालावा म्हणून छोटा यूपीएस १,९००. एकूण ३,७३,९१६ रुपये. एक मुदत ठेव मोडली. बिनपगारी रजा सहा दिवस. तिकडच्या हिशेबाने ६० क्रेडिटचे ६०० तास धरतात, माझ्या वहीत ४३७ भरले, त्यांतले साठेक तरी माझ्या चुका निस्तरण्यात गेले. मुलाच्या चौथीच्या स्नेहसंमेलनाला जाता आलं नाही, ते कोणत्या रकान्यात लिहावं मला कळत नाही.

पगार तोच आहे. सव्वाआठ ते नऊची वेळ मात्र व्यवस्थापनाने आता ड्युटीत धरली, १ जुलैपासून.

काटोलच्या काकांना संधिवाताच्या डॉक्टरांनी मे महिन्यापासून मेथोट्रेक्सेट पुन्हा आठवड्याने सुरू केलं, दर महिन्याला सीबीसी करून. काल त्यांच्या मुलाचा फोन आला, उद्या काकांना घेऊन येतो म्हणाला. बारा गोळ्या, एक स्ट्रिप पूर्ण आणि दोन कापून, पाकिटात घालून ठेवल्यात. वार मी लिहिला नाही. काका स्वतः येणार आहेत, आधी त्यांनी सांगायचा.